घ्या, बघा किंवा राहू द्या

आत्याने जन्मभर दुसऱ्यांचे दात केले. दातांच्या लॅबमध्ये खिडकीजवळचं टेबल तिचं. मेण तापवायचं, त्याला हिरडीचा आकार द्यायचा, एकेक दात त्यात रोवायचा आणि मग मुद्दाम एखादा दात किंचित तिरका करायचा. "अगदी सरळ रांगेत उभे असलेले दात दिसले की समजावं, कवळी आहे," असं ती म्हणायची. तिच्या हातच्या कवळ्या घालून माणसं बिनधास्त हसायची.

मग तिचे हात थरथरायला लागले. आधी नुसती बोटं, पुढे मनगटापर्यंत. मेणात सुरी सरळ जाईना. डॉक्टर म्हणाले, "जिवाला काही धोका नाही, पण हे जाणारही नाही. तुमच्या घराण्यातच आहे." मालकाने काही बोलायच्या आत आत्याने स्वतःच टेबल आवरलं आणि ती घरी बसली.

घर म्हणजे भावाचं घर. दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी, म्हणजे आत्याची भाची. आत्याने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे ती पहिल्यापासून तिथेच, आणि कोणाला तिचं ओझं वाटावं असं काही कधी घडलंही नव्हतं. आता मात्र तिने कप उचलला की कोणीतरी पुढे यायचं. "असू दे, मी घेते." भाजी चिरायला बसली की वहिनी विळी ओढून घ्यायची. "असू द्या वन्सं, मी करते." सगळे प्रेमानेच करत होते, आणि आत्याचं डोकं त्यामुळेच जास्त फिरायचं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. "असू दे"शी कसं भांडणार?

एका संध्याकाळी भाचीने ऑफिसातून येताना एक छोटा खोका आणला. प्लॅस्टिकचे ठोकळे जोडून खेळणी करायची, त्यातला हा प्रकार. ती कंपनी दर ऋतूला एक लहानसा सेट काढायची, तळहातावर मावेल एवढा. हिवाळ्यात बर्फाचा माणूस, वसंतात पाखरं, उन्हाळ्यात होडी किंवा छत्री, पानगळीत असंच काहीतरी. भाचीला तो ऑफिसच्या टेबलावर ठेवायचा होता. ती कपडे बदलून येईपर्यंत आत्याने खोका फोडलेला होता.

"अगं, बारीक तुकडे आहेत त्यात," भाची म्हणाली.

"दातांपेक्षा मोठे आहेत."

आत्याने टेबलावर टॉवेल अंथरला, म्हणजे तुकडे घरंगळणार नाहीत. दोन्ही कोपर टेबलावर रोवले, मनगटाखाली एक नॅपकिन गुंडाळून ठेवला, श्वास सोडला आणि पांढरा ठोकळा पांढऱ्या ठोकळ्यावर दाबला. बसला. पुढचा निसटला. पुन्हा घेतला. गाजराचं नाक उडून कपाटाखाली गेलं, ते भाचीने फुटपट्टीने काढून दिलं. जोडताना आत्याचं तोंड अखंड चालू होतं. पुस्तिकेतलं चित्र काढणाऱ्याला, टोपीच्या रंगाला, बर्फाच्या माणसाच्या मूर्ख हसण्याला, कोणालाही तिने सोडलं नाही. भाचीने गंमत म्हणून फोनवर ते सगळं टिपलं. शेवटी आत्याने तो माणूस वीतभर उंचीवरून टेबलावर सोडला. त्याचं डोकं निघून आलं. आत्या म्हणाली, "मान कच्ची आहे. पण चेहरा बरा आहे. बघा, म्हणजे आवडला तर घ्या."

तो व्हिडिओ भाचीने टाकला, आणि लोकांनी तो पाहिला. मग लोक विचारायला लागले, पुढचा कधी? अशा तऱ्हेने आत्याचं परीक्षण सुरू झालं. जुने सेट भाची कुठून कुठून मिळवून आणायची. आत्या ते जोडायची, पाडायची आणि तीनपैकी एक शब्द सांगायची: घ्या, बघा, राहू द्या. "राहू द्या" म्हणताना तिच्या डोळ्यांत जी चमक यायची तिच्यासाठीच अर्धे लोक व्हिडिओ बघायचे, असं भाचीचं मत होतं.

फक्त एकदा दोघींचं वाजलं. आत्या सहसा स्वतःचे व्हिडिओ बघत नसे. एकदा बघितला आणि म्हणाली, "माझे हात असे माशा मारल्यासारखे का पळतायत?"

"तेवढा भाग मी भराभर केलाय गं. जोडायला वेळ लागतो तो. लोकांना कंटाळा येतो."

"कंटाळा येतो की बघवत नाही?"

खाली कमेंटमध्ये कोणीतरी लिहिलंच होतं, म्हातारीला भूकंपाचा झटका आलाय का म्हणून. आत्याने ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "जेवढा वेळ लागतो तेवढा दिसला पाहिजे. खोक्यावर छापतात, लहान मूलही झटकन जोडेल. मला अख्खी दुपार लागते. माझ्यासारख्या कोणाला घ्यायचा असेल तर त्याला ते कळायला नको?" त्यानंतर भाचीने एकही तुकडा कापला नाही. व्हिडिओ लांबलचक झाले. बघणारे थोडे गळले, आणि जे राहिले ते पक्के राहिले.

हे सगळं दादाला अजिबात रुचत नव्हतं. दादा शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला, कडक इस्त्रीचा माणूस. शूटिंग चालू असलं की तो आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचा. कोणी ओळखीच्याने विचारलं की "माझ्या मुलीचं काहीतरी चालू असतं" एवढंच सांगायचा. बहिणीचा त्यात उल्लेख नसे.

हिवाळा सरत आला तेव्हा कंपनीचा माणूस घरी आला. निळा टाय, गुळगुळीत दाढी, आणि बोलणं त्याहून गुळगुळीत. वहिनीने त्याचं नाव तिथेच टायवाला ठेवलं आणि ते घरात रुळलं. त्याने वसंताचा नवा सेट आणला होता, अजून दुकानात न आलेला. फांदीवर घरटं, त्यात एक पाखरू आणि चोच वासून बसलेलं त्याचं पिल्लू.

"तुमचा आवाज, तुमची बोलण्याची ढब, लोकांना फार आवडते," टायवाला म्हणाला. "रविवारी शहरातल्या मोठ्या खेळण्यांच्या दुकानात या सेटचा कार्यक्रम आहे. तुम्ही मंचावर बसायचं, बोलायचं. आणि जोडायला आमची एक मुलगी असेल शेजारी."

"मुलगी कशाला? मी जोडते की."

"तुम्हाला त्रास कशाला? तुम्ही फक्त बोला. पुढे व्हिडिओही असेच करू. आवाज तुमचा, हात तिचे. दिसायला जरा..." त्याने शब्द शोधला. "प्रसन्न वाटेल."

दादा त्या दिवशी प्रथमच बाहेरच्या खोलीत बसला होता. तो लगेच म्हणाला, "अगदी योग्य. मी हेच सांगत होतो."

आत्याने पिल्लाचा इवलासा पिवळा तुकडा चिमटीत धरला होता. तो थरथरत होता, जणू खरंच पिल्लू आहे. ती म्हणाली, "हात माझे नसतील तर तोंडही मिळणार नाही."

"आत्या, जरा विचार करा..."

"केला. मी काही रेडिओ नाही."

टायवाल्याने हसून खोका भेट म्हणून ठेवला, दुसऱ्या कोणाला तरी बघावं लागेल असं हळहळून सांगितलं आणि तो गेला. दार लागल्याबरोबर दादाचा पारा चढला.

"एवढं मानाने बोलावलं, आणि तू त्याला तोंडघशी पाडलंस. काय चूक होतं त्याचं? चार लोकांत हात असे उडवत बसायची हौस आहे का तुला?"

"उडवत नाही मी. ते उडतात."

"तेच म्हणतोय मी. झाकून ठेवायची गोष्ट आहे ती. लोक हसतात."

"लोक की तू?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. भाचीने फोन खाली ठेवला. दादाचा उजवा हात खिशात होता. तो हात हल्ली कायम खिशातच असे, किंवा डाव्या हाताखाली दाबलेला. सही करायची वेळ आली की तो "नंतर करतो" म्हणायचा. कोणाच्या घरी गेला की चहा नको म्हणायचा, ॲसिडिटी होते म्हणून. ज्या माणसाने आयुष्यभर शाळेत दिवसाला चार चार कप रिचवले, त्याला.

आत्या हळू आवाजात म्हणाली, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दादा, मी जन्मभर माणसांच्या तोंडात बघितलंय. कोण काय लपवतंय ते मला कळतं. हात बाहेर काढ."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"आप्पा आठवतात तुला?" ती म्हणाली. "आपण लहान होतो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून जेवायचे. आपल्याला सांगायचे, जेवताना बोलू नये म्हणून असं बसतो. मला किती वर्षं ते खरं वाटायचं. चमचा ताटावर वाजायचा तो आवाज यायचा, तेवढाच. शेवटी शेवटी तर आई आत नेऊन भरवायची त्यांना, कडी लावून. माझ्या बापाचा जेवतानाचा चेहरा मला आठवत नाही रे. पाठच आठवते."

दादा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला.

"मी भिंतीकडे तोंड करून बसणार नाही," आत्या म्हणाली. "तुला बसायचं तर बस. पण मला बसवायला येऊ नकोस."

दादा उठून आत गेला. त्या रात्री तो जेवायला बाहेर आलाच नाही. वहिनीने ताट आत नेलं, आणि परत येताना तिचे डोळे लाल होते. ती आत्याला एवढंच म्हणाली, "मला माहीत होतं वन्सं. पण बोलले असते तर घर डोक्यावर घेतलं असतं त्यांनी."

रविवारी आत्याने ठेवणीतली साडी नेसली.

"कुठे निघालीस?" भाचीने विचारलं.

"दुकानात. जाहिरातीत काय लिहिलंय? 'कोणीही या, बसा, जोडा.' मी कोणीही आहे."

भाचीने चप्पल घातली. वहिनी म्हणाली, "थांबा, मी पण येते." दादा पेपर वाचत होता. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटलं जात नव्हतं.

दुकान माणसांनी फुललं होतं. मधोमध उंच मंच, त्यावर लांबसडक बोटांची एक हसरी मुलगी, शेजारी माईक घेतलेला टायवाला. खाली लोकांसाठी टेबलं मांडलेली, प्रत्येकावर घरट्याचे खोके. आत्या सरळ सगळ्यात पुढच्या टेबलाशी जाऊन बसली. टायवाल्याने तिला बघितलं आणि त्याचं हसू जिथल्या तिथे थिजलं.

आत्याने पर्समधून टॉवेल काढून अंथरला. कोपर रोवले. मंचावरच्या मुलीने घरट्याचा तळ कधीच पुरा केला होता, तेव्हा आत्याचा दुसरा ठोकळा बसत होता. आजूबाजूचे लोक बघायला लागले. एक बाई आपल्या मुलीला दुसरीकडे ओढत होती, मुलगी हलेना. ती आत्याला म्हणाली, "तुमचे हात का हलतात?"

"त्यांना तशी सवय आहे," आत्या म्हणाली. "मी त्यांना थांब म्हणते, ते ऐकत नाहीत. तुझ्यासारखेच." मुलगी हसली. तिची आईही नाइलाजाने हसली.

काही लोक तिला ओळखत होते. कुजबुज झाली, टेबलाभोवती गर्दी जमली, आणि मंचासमोरची गर्दी विरळ झाली. घरटं एकदा अर्ध्यावर असताना आडवं झालं. कोणीतरी मदतीला हात पुढे केला. आत्या मान वर न करता म्हणाली, "हात मागे. मागितली तर द्या." हात मागे गेला. तिने पुन्हा जोडलं. पाखरू बसलं, पिल्लू बसलं. शेवटी ते सगळं फांदीवर चढवायचं होतं, आणि फांदी गर्रकन फिरली. घरटं कलंडलं. तिने सरळ केलं, फांदी पुन्हा फिरली.

"फांदी फिरते," आत्या मोठ्याने म्हणाली. "एकाच गोल खुंटीवर ठेवलीय. वर भार आला की फिरणारच."

टायवाला मंचावरून खाली आला. आवाजात मध घालून म्हणाला, "आत्या, कंपनीने शंभरदा तपासलेलं असतं हे. तुमच्या हाताच्या थरथरीमुळे तसं वाटत असेल."

भाचीचा चेहरा रागाने तांबडा झाला, पण आत्याने तिला नजरेने थांबवलं. तिने मंचावरच्या मुलीकडे बघितलं. "बाळ, तुझे हात स्थिर आहेत. तुझं घरटं जरा उचल बघू फांदीला धरून."

मुलीने टायवाल्याकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि घरटं उचललं. फांदी फिरली. पाखरू आणि पिल्लू दोघंही टपकन खाली पडली. मुलीला हसू आवरेना. "सकाळपासून तीनदा पडलंय," ती म्हणाली. "मी बोटाने दाबून धरत होते."

"म्हणजे थरथर हातात नाही, फांदीत आहे," आत्या म्हणाली. लोक हसले. "पाखरू मात्र सुरेख आहे. मान वळते, चोच उघडते. ज्याने हे पिल्लू काढलंय त्याला माझा नमस्कार सांगा. आणि फांदी काढणाऱ्याला दोन खुंट्या द्या. बघा. आवडलं तर घ्या."

भाचीने सगळं टिपलं होतं. मोबाइल खाली करताना तिला गर्दीच्या मागे, कोड्यांच्या खोक्यांच्या मांडणीशी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट दिसला. दादा केव्हा आला होता कोणास ठाऊक. तिने हाक मारायच्या आत तो वळून निघून गेला.

तो व्हिडिओ आजवरच्या सगळ्यांपेक्षा जास्त चालला. आणि आठवडाही उलटला नाही तोच टायवाला पुन्हा दारात हजर. या वेळी त्याचे डोळे ओलसर होते, किंवा त्याने तसे केले होते.

"आमचं चुकलं," तो म्हणाला. "वरच्या साहेबांनी तुमचा व्हिडिओ बघितला. त्यांना आता तुमचेच हात हवेत. फक्त तुमचेच. अगदी जवळून घ्यायचे, मागे हळुवार संगीत, शब्द एकही नाही. शेवटी एक ओळ: 'जिद्द असेल तर काहीही जोडता येतं.' लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

"आणि फांदी?"

"फांदी?"

"बदलली का?"

"ते उत्पादन विभागाचं काम... या जाहिरातीत फांदीचा विषय नाही, आत्या. विषय तुम्ही आहात. किती लोकांना प्रेरणा..."

"हे बघा," आत्याने त्याला तोडलं. "परवा तुम्हाला माझे हात नको होते, तोंड हवं होतं. आज हात हवेत, तोंड नको. मी काय सुटे भाग विकायला बसलेय? मी परीक्षण करते. सेट चांगला असेल तर चांगला म्हणते, वाईट असेल तर वाईट. माझे हात बघून कोणाला रडायचं असेल तर त्याने आपल्या घरी रडावं, तुमच्या खोक्यासाठी नाही."

"मग यापुढे कंपनीकडून सेट पाठवणं जमणार नाही," टायवाला म्हणाला. मध संपला होता.

"दुकानं उघडी असतात की नाही? रांगेत उभी राहीन."

वहिनी त्याला दारापर्यंत पोचवायला गेली, आणि परत येऊन इतकं हसली की तिला खाली बसावं लागलं. तिला हसायला नेमकं काय झालं ते तिलाही सांगता येईना. "सुटे भाग," एवढंच म्हणायची आणि पुन्हा सुरू.

उन्हाळ्याचा सेट सगळ्यांबरोबरच हाती आला, दुकानातून. निळी होडी आणि पांढरं शीड. आत्या टॉवेल अंथरून बसली, भाचीने कॅमेरा लावला. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि दादा खुर्ची ओढत बाहेर आला. खुर्ची त्याने आत्याच्या शेजारी ठेवली, कॅमेऱ्यासमोर.

"तुझं पुस्तिका उलटण्यात लक्ष जातं," तो घसा खाकरून म्हणाला. "मी धरतो. तू जोड."

त्याने पुस्तिका उजव्या हातात धरली. कागद फडफडायला लागला. आत्याने भावाकडे बघितलंही नाही. "जरा डावीकडे घे," ती म्हणाली. "होडीचा तळ दिसत नाहीये." त्याने पुस्तिका डावीकडे घेतली. दुपारभर दोघं बसली होती. मध्ये एकदा दोघांचं भांडणही झालं, शीड आधी की डोलकाठी आधी यावरून, आणि दादा बरोबर निघाला. त्याची त्याने पुरती शेखी मिरवली. वहिनीने पाणी आणून ठेवलं, आणि "असू दे" हा शब्द तिच्या तोंडून आला नाही.

व्हिडिओखाली संध्याकाळीच कोणीतरी लिहिलं: घरात सगळ्यांनाच थंडी वाजते का?

भाची ती कमेंट काढायला गेली. दादा म्हणाला, "थांब. फोन इकडे दे."

तो चष्मा लावून बसला. एकेक अक्षर शोधून दाबायचा, दुसरंच उमटायचं, पुसायचा, पुन्हा दाबायचा. कोणी मदत करायला पुढे झालं नाही. बराच वेळ गेला. मग त्याने फोन परत दिला. भाचीने मोठ्याने वाचलं: "हो. माझ्या वडिलांनाही वाजायची. ते लपवत होते. आम्ही लपवणार नाही."

आत्या होडीतले सुटे राहिलेले तुकडे डबीत भरत होती. डबीचं झाकण लावताना ते तिच्या हातून खडखडत राहिलं, थोडा वेळ.

"पानगळीला काय काढणार आहेत म्हणे?" दादाने विचारलं.

"खार. शेपटी मोठी आहे, चित्रात तरी."

"खार मी जोडणार."

"आधी कोपर रोवायला शीक," आत्या म्हणाली आणि टॉवेलची घडी मोडून तो पुन्हा टेबलावर पसरला. "ये. बस इथे."